मागल्या दाराचे पाहुणे

मालगाड्यांच्या डब्यांतून चोरून प्रवास करीत, कामाच्या शोधात अमेरिकाभर फिरणाऱ्या होबोंनी घरोघरी मिळणाऱ्या अन्नाची एक प्रतवारी लावलेली होती. सर्वांत खालची पायरी म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दारातूनच हातावर ठेवलेले पुडके. त्यात पावाचे दोन जाड काप असायचे, कधी गार झालेला उकडलेला बटाटा, तर कधी नुसताच पाव. त्याच्या वरची पायरी म्हणजे मागल्या दाराच्या पायरीवर बसून, मांडीवर ताटली घेऊन जेवणे. आणि सर्वांत मोठा मान म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, घरच्या माणसांच्या पंक्तीला बसायला मिळणे. अन्न तिन्ही ठिकाणी थोड्याफार फरकाने तेच असे. घरात किती पावले टाकू दिली, यावर त्याची किंमत ठरे. ओसरी, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यातली अंतरे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मोजून ठेवली, त्या समाजात वाढलेल्या मला ही प्रतवारी कुणी समजावून सांगावी लागली नाही.

होबो कुणाला म्हणायचे, याबाबत ते स्वतः फार काटेकोर असत. जो काम करतो आणि कामासाठीच फिरतो तो होबो. जो फिरतो पण कामाला हात लावत नाही तो ट्रॅम्प. आणि जो कामही करीत नाही व जागचा हलतही नाही तो बम. गावच्या पोलिसाला हा भेद कळत नसे आणि कळून घ्यायची गरजही वाटत नसे. उतरंडीच्या तळाशी असलेल्यांनाही आपल्या खाली कुणीतरी लागतेच, असे म्हणून हा भेद हसण्यावारी नेता येईल, पण मला त्यात अंगमेहनतीवर जगणाऱ्याचा रास्त अभिमान दिसतो. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यानंतर अमेरिकेत रेल्वेचे जाळे झपाट्याने पसरले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जी कामे निघाली ती जवळजवळ सगळीच हंगामी होती. नवे रूळ टाकायचे, जुने दुरुस्त करायचे, जंगलात लाकूड तोडायचे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून गोदामात भरायचा, पश्चिमेकडच्या बागांमध्ये फळे उतरवायची. गव्हाची कापणी जूनच्या सुमारास ओक्लाहोमा आणि कॅन्ससमध्ये सुरू होई, आणि पीक जसजसे उत्तरेकडे तयार होत जाई तसतशी माणसांची लाट नेब्रास्का, डकोटा करीत उन्हाळ्याच्या अखेरीस कॅनडाच्या सीमेपर्यंत जाऊन पोहोचे. त्या त्या गावाला ही माणसे चार-सहा आठवड्यांपुरती हवी असत, आणि शेवटची पेंढी बांधून झाली की त्याच संध्याकाळी ती नको असत.

एवढे असूनही काम सहजी मिळत नसे. ते चक्क विकत घ्यावे लागे. शहरांतले मजूर-दलाल एखाद्या छावणीवरच्या कामाची चिठ्ठी पैसे घेऊन विकत, आणि त्यांतले काही जण तिथल्या मुकादमाशी संधान बांधून असत. मुकादम चार दिवसांत माणसाला काढून टाकी, की दलाल तीच जागा दुसऱ्याला विकायला मोकळा, आणि पैसे दोघांत वाटून घेतलेले. या माणसांची शार्क अशी ओळख होती, आणि संघटित कामगारांनी त्यांच्याविरुद्ध मोठ्या मोहिमा चालवल्या. दिवसभर राबूनही माणसाच्या खिशात काही उरत नाही म्हणजे नेमके काय होते, ते अशा तपशिलांतून कळते. आळस किंवा दारू ही उत्तरे घाईने दिली जातात, कारण ती स्वस्त पडतात.

होबोंविषयीच्या अद्भुतरम्य कल्पना मला खपत नाहीत. काठीला बांधलेले गाठोडे, तोंडात गवताची काडी, मोकळे आकाश आणि दूरवरून येणारी इंजिनाची शिट्टी ही चित्रे छापून विकणाऱ्यांनी त्या डब्यांखाली काय घडत होते हे चित्रात येऊ दिलेले नाही. रिकामा डबा उघडा सापडला तर नशीब, नाहीतर छतावर, दोन डब्यांमधल्या जोडावर किंवा डब्याच्या पोटाखाली असलेल्या लोखंडी सळ्यांवर आडवे पडून प्रवास करावा लागे. १९०१ ते १९०५ या पाच वर्षांत अमेरिकी रेल्वेमार्गांवर विनापरवाना वावरणारी जवळपास २४ हजार माणसे मेली, आणि त्याहून थोडी जास्त जखमी झाली. हे सगळेच होबो नव्हते, पण त्यांचा वाटा मोठा होता. पुढे कवी म्हणून नावारूपाला आलेल्या डब्ल्यू. एच. डेव्हिस या वेल्श तरुणाचा पाय १८९९ मध्ये कॅनडात धावती गाडी पकडताना गेला. त्यातून जे वाचत त्यांच्या वाट्याला रेल्वेचे खासगी पोलीस येत, आणि ते चुकवले तर भटकेगिरीविरुद्धचे कायदे. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला जॅक लंडन अठरा वर्षांचा असताना, १८९४ मध्ये, नायगारा फॉल्स गावी निव्वळ भटकताना सापडला म्हणून पकडला गेला आणि बाजू मांडायची धड संधीही न मिळता ३० दिवसांसाठी तुरुंगात गेला. खिशात पैसे नसणे आणि राहण्याचा पत्ता नसणे हाच त्याचा गुन्हा होता.

या साऱ्यांची राजधानी शिकागो होती, कारण देशातले बहुतेक मोठे लोहमार्ग तिथे येऊन मिळत. निल्स अँडरसन या समाजशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये असा अंदाज मांडला की, वर्षाकाठी तीन ते पाच लाख फिरते मजूर त्या शहरातून ये-जा करतात. वेस्ट मॅडिसन रस्त्याच्या आसपास त्यांच्यासाठी एक वेगळेच शहर उभे होते. तिथे मजूर-दलालांच्या कचेऱ्या होत्या, जुन्या कपड्यांची दुकाने होती, न्हाव्याचा धंदा शिकणाऱ्या पोरांच्या हाताखाली स्वस्तात दाढी करून मिळण्याची सोय होती आणि दहा सेंटांत रात्रभर जमिनीला पाठ टेकवू देणारी निवासस्थाने होती. जरा बरे पैसे असतील तर लाकडी फळ्यांनी पाडलेली खोली मिळे. तिचे छत म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी तारेची जाळी, कारण शेजारच्या खोलीतल्याने वरून हात घालून बूट लांबवू नयेत. दारूबंदी येण्यापूर्वी, म्हणजे १९२० च्या आधी, गुत्त्यात पाच सेंटांची बिअर घेतली की मांडून ठेवलेले पाव, चीज आणि खारवलेले मांस फुकट खाता येई. त्या पाच सेंटांवर दिवस काढणारी माणसे पुष्कळ होती. धार्मिक संस्थांच्या सूपगृहांत मात्र आधी प्रवचन आणि मग वाटी, हा क्रम ठरलेला असे. रिकाम्या पोटी ऐकलेल्या त्या उपदेशाची होबोंनी आपल्या गाण्यांतून जी यथेच्छ टवाळी केली, ती वाचताना माझी सहानुभूती पूर्णपणे त्यांच्याकडे असते.

अँडरसन स्वतः या जगातून आलेला होता. तरुणपणी युटाच्या बाजूच्या ओसाड मुलखात त्याला मालगाडीवरून उतरवून दिले गेले, तेव्हा तिथल्या एका मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या शेतकरी कुटुंबाने त्याला कामावर ठेवून घेतले, घरात सामावून घेतले आणि पुढे शिकायला लावले. तो पदवीधर झाला, शिकागो विद्यापीठात आला आणि ज्यांच्याबरोबर फिरला होता त्यांचाच अभ्यास करून त्याने नाव मिळवले. अमेरिकी समाजशास्त्रातल्या एका पायाभूत संशोधनामागे एका शेतकऱ्याच्या घरातला पाहुणचार आहे, ही गोष्ट मला त्या संशोधनाइतकीच मोलाची वाटते. याच्या अगदी उलटा प्रवास जेम्स ईड्स हाऊ या गृहस्थाचा. सेंट लुईसचा प्रसिद्ध पूल बांधणाऱ्या अभियंत्याचा हा नातू. वारशाने आलेला पैसा आपण कमावलेला नाही, म्हणून तो आपला नाही, अशी त्याची धारणा होती. त्या पैशांतून त्याने होबोंसाठी विद्यालये काढली. तिथे हिवाळ्यात ऊब मिळे, गरम जेवण मिळे आणि कायदा, अर्थकारण, आरोग्य अशा विषयांवर व्याख्याने होत. स्वतः हाऊ होबोंसारखाच राहिला आणि १९३० मध्ये, उपासमारीने खंगलेल्या अवस्थेत, न्यूमोनियाने गेला. वृत्तपत्रांनी त्याला लक्षाधीश होबो म्हणून चेष्टेचा विषय केले. मला तो थोडा विक्षिप्त आणि फार सरळ माणूस वाटतो.

शहराबाहेर, लोहमार्गांच्या फाट्याजवळ आणि शक्यतो पाण्याच्या कडेला होबोंचे तळ असत. तिथला कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण तो सर्वांना पाठ होता. डब्याडुब्यांपासून केलेली भांडी वापरून झाली की घासायची आणि पाणी साचून गंज चढू नये म्हणून पालथी घालून ठेवायची, कारण ती कुणाच्याच मालकीची नव्हती. निघण्यापूर्वी पुढच्या येणाऱ्यासाठी वाळके लाकूड गोळा करून ठेवायचे. झोपलेल्याच्या सामानाला हात लावायचा नाही. स्ट्यूच्या हंड्यात प्रत्येकाने काही ना काही टाकायचे. एकाचा कांदा, दुसऱ्याचे दोन बटाटे, तिसऱ्याने खाटकाकडून मागून आणलेली हाडे, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने पाणी आणायचे किंवा भांडी घासायची. रिकाम्या हाताने आला म्हणून कुणाला उठवत नसत, पण नुसते बसून खाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जागा मिळत नसे. आल्यागेल्याकडे नाव, गाव आणि मागचा इतिहास विचारायचा नाही हाही त्या कायद्याचाच भाग होता. पाहुणचाराच्या नावाखाली आपण जी उलटतपासणी करतो, ती आठवली की या शेवटच्या कलमाचा मला हेवा वाटतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आयोवा राज्यात राहायला आलो, आणि एका ऑगस्टमध्ये मी मुद्दाम ब्रिट या गावी गेले. जेमतेम दोन हजार वस्तीच्या या गावात होबोंचे संमेलन भरते. पहिले संमेलन १९०० मध्ये भरले. गावातल्या काही व्यापाऱ्यांना गावाचे नाव वर्तमानपत्रांत यावे असे वाटत होते, म्हणून त्यांनी होबोंना निमंत्रण धाडले होते. म्हणजे या पाहुणचारात जाहिरातीचा भाग होताच, आणि गावकरीही ते लपवत नाहीत. मधल्या मोठ्या खंडानंतर १९३३ मध्ये, ऐन मंदीत, ते पुन्हा सुरू झाले. आजही टाळ्यांच्या गजरावर होबोंचा राजा आणि राणी निवडतात, कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून केलेला मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवतात, आणि मोठमोठ्या हंड्यांत रटरटणारा स्ट्यू येईल त्याला फुकट वाढतात. जुन्या चित्रपटगृहात त्यांचे संग्रहालय आहे आणि गावच्या दफनभूमीत त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे. बहुतेक आलेली मंडळी हौशी आहेत, हे तासाभरातच लक्षात येते. निवृत्त शिक्षक होते, मालमोटारी चालवणारे होते, उन्हाळ्यात एखादी फेरी मालगाडीने करणारे दोन तरुण होते; कामासाठी फिरणारा जुन्या अर्थाचा होबो मला तिथे कुणी दिसला नाही.

स्ट्यूच्या रांगेजवळ एका बाकावर नव्वदी ओलांडलेल्या आजीबाई बसलेल्या होत्या, आणि माझी साडी पाहून त्यांनीच बोलणे काढले. त्या याच भागात, रुळांपासून एक शेत सोडून असलेल्या भाड्याच्या घरात वाढल्या. तिसाच्या दशकात त्यांच्या मागल्या दारावर रोज कुणीतरी टकटक करी, उन्हाळ्यात तर एकाच दिवशी चौघे-पाचजण येत. आई आत एकटी, वडील शेतावर, घरात पाच मुले. येणारा टोपी काढून पायरीखाली उभा राही आणि खायला मागण्याऐवजी काही काम आहे का असे विचारी. काम बहुधा नसेच. तरीही आई मुलांनी सकाळीच झाडलेले अंगण त्याला पुन्हा झाडायला सांगे, आणि तोवर तव्यावर चरबीत अंडे परतून दोन पावांच्या कापांत घाली. बरोबर पोरगे असेल तर मात्र झाडणे नंतर आणि खाणे आधी. अंडी घरची होती, पण ती विकूनच किराणा येत असे. म्हणजे पायरीवर दिलेले प्रत्येक अंडे कुठल्यातरी मिठासाखरेतून वजा होत होते. "आईला ते मोजता येत नव्हते असे नाही," असे आजी म्हणाल्या, आणि मग हसून म्हणाल्या, "ती रोज मोजत होती."

मी त्यांना मांजराच्या खुणेबद्दल विचारले. होबो आपल्यामागून येणाऱ्यांसाठी कुंपणावर खडूने खुणा करून ठेवत आणि मांजराचे चित्र म्हणजे इथे दयाळू बाई राहते, ही कथा अमेरिकेत सर्वतोमुखी आहे. त्यांच्या आईने म्हणे कितीदा कुंपणाचे खांब तपासले, पण तिला कधी काही सापडले नाही. मला याचे आश्चर्य वाटले नाही. या खुणांच्या ज्या कोष्टकांचा इतका गवगवा झाला ती बहुतेक वृत्तपत्रांतून आणि नंतरच्या पुस्तकांतून आलेली आहेत, आणि प्रत्यक्ष वापराचे पुरावे फार तुटपुंजे आहेत. त्या घरी माणसे का येत याचे आजींनी दिलेले कारण जास्त पटण्यासारखे होते. थोड्या अंतरावर इंजिनात पाणी भरण्याची टाकी होती, गाडी तिथे थांबे, आणि टाकीपासूनचे पहिले घर यांचे होते. खडूची काय गरज?

गरीबच गरिबाला देतो, हे वाक्य होबोंच्या आठवणींमध्ये इतक्यांदा येते की ते सुभाषितासारखे गुळगुळीत झाले आहे. त्याचा एक अर्थ मला या टाकीपाशी उमगला. रुळांच्या लगत धूर, आवाज आणि ठिणग्या, म्हणून तिथली घरे स्वस्त. स्वस्त म्हणून तिथे गरीब. आणि भुकेला माणूस गाडीतून उतरला की पहिले दार त्याचेच. टेकडीवरच्या मोठ्या घरांपर्यंत चालत जाण्याचे त्राणही नसे, आणि तिथे कुत्रे किंवा पोलीस भेटण्याची शक्यता अधिक. दानतीचा प्रश्न उभा राहण्याआधीच अंतराने पुष्कळसा निवाडा करून टाकलेला असे. यामुळे त्या आईचे मोल तसूभरही कमी होत नाही. पहिले दार असणे तिच्या हाती नव्हते, ते उघडणे होते.

बोलता बोलता आजी सहज म्हणाल्या की, बाहेर भिंतीवरच्या खिळ्याला एक पत्र्याचा कप आणि एक ताटली कायमची टांगलेली असे, येणाऱ्या माणसांसाठी. घरातल्या भांड्यांत ती मिसळत नसत. त्यांनी हे आईच्या टापटिपीचे उदाहरण म्हणून सांगितले आणि रोगराईच्या काळात पाच मुलांच्या आईने एवढे करणे समजण्यासारखेही आहे. पण आमच्या आजोळच्या चहाच्या दुकानातल्या वळचणीला खोचून ठेवलेल्या कपबश्या कुणासाठी असत, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्या खिळ्यावरून माझे लक्ष बराच वेळ हटेना. दोन्हींत फरक आहेच. पत्र्याच्या कपातून पिणारा माणूस उद्या कामाला लागला, दाढी करून पुढल्या दाराने आला, तर त्याला काचेचा पेला मिळाला असता; आमच्याकडच्या कपबशीला अशी मुदत नव्हती. तरीही भुकेल्याला अन्न देणारा हात आणि त्याचे भांडे वेगळे टांगणारा हात एकच असू शकतो, आणि त्या हाताला त्यात काहीही विसंगत वाटत नाही, एवढे मी तिथे पाहिले.

त्या दारालाही एक उंबरठा होताच. काळे लोक येत का, असे मी विचारले तेव्हा आजी थोडा वेळ थांबून म्हणाल्या की, क्वचित, आणि ते कधी पायरीपर्यंत येत नसत, फाटकापाशीच उभे राहत. मंदीच्या काळात मालगाड्यांवर काळे तरुणही मोठ्या संख्येने होते, आणि गोऱ्या माणसाला ज्या गोष्टीसाठी दरडावून उतरवले जाई त्याच गोष्टीसाठी त्यांचा जीव जाऊ शकत होता. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामात पेंट रॉक येथे एका मालगाडीतून नऊ काळ्या मुलांना खाली ओढले गेले. गाडीत गोऱ्या मुलांशी झालेली मारामारी हे निमित्त होते. मग दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप आला आणि काही दिवसांतच त्या नऊपैकी आठ जणांना देहदंड सुनावण्यात आला. फाशी प्रत्यक्षात कुणालाच झाली नाही, पण त्यांच्या आयुष्यांतली कित्येक वर्षे तुरुंगात गेली. स्कॉट्सबोरो खटला म्हणून हे प्रकरण जगभर गाजले. होबोंच्या बंधुभावाची वर्णने वाचताना ही गाडी नजरेआड करणे मला जमत नाही.

मंदीने होबोंची जात बदलून टाकली. विसाच्या दशकाच्या अखेरीस कापणी-मळणी एकदम करणारी यंत्रे आली आणि गव्हाच्या पट्ट्यातले काम आटले. पाठोपाठ १९२९ चा कोसळता बाजार. १९३३ मध्ये दर चौघा कामकऱ्यांतला एक बेकार होता. एकट्या सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १९३२ या एका वर्षात सुमारे ६ लाख ८३ हजार वेळा लोकांना आपल्या गाड्यांवरून उतरवल्याची नोंद केली, आणि रस्त्यावर आलेल्या किशोरवयीन मुलामुलींची संख्या अडीच लाखांच्या घरात असल्याचा अंदाज होता. आता फिरणारे केवळ हंगामी कामकरी राहिले नव्हते. शिक्षक, कारकून, शेतकरी, घरात खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून निघालेली सोळा वर्षांची पोरे, सगळेच त्यात होते. मदत मिळवायला त्या त्या ठिकाणचा ठरावीक वर्षांचा रहिवास दाखवावा लागे, त्यामुळे चालता माणूस कुठल्याच गावाचा गरीब ठरत नसे. रूझवेल्ट सरकारने १९३३ मध्ये अशांसाठी निवारे आणि छावण्या उघडल्या खऱ्या, पण दोनच वर्षांत ती योजना गुंडाळली गेली.

मग जे झाले ते वाचून मी थक्क झाले. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई थेट कॅलिफोर्नियाच्या सीमांवर नेऊन उभे केले आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत धाडायला सुरुवात केली. एका शहराच्या पोलिसांनी राज्याच्या सरहद्दीवर पहारा द्यावा, तोही स्वतःच्याच देशाच्या नागरिकांविरुद्ध! हा पहारा काही आठवड्यांत उठला. पण निर्धन माणसाला राज्यात आणणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा कॅलिफोर्नियाच्या पुस्तकात होताच. डिसेंबर १९३९ मध्ये मेरीसव्हिल इथे राहणारा फ्रेड एडवर्ड्स हा धर्मोपदेशक टेक्ससमधल्या स्पर या गावी गेला आणि आपल्या मेहुण्याला, फ्रँक डंकनला, स्वतःच्या गाडीत घालून घरी घेऊन आला. डंकन बेकार होता. निघताना त्याच्यापाशी वीसेक डॉलर होते, ते वाटेत संपले. बहिणीच्या घरी दहाएक दिवस राहिल्यावर त्याला सरकारी मदत मिळू लागली, आणि त्यावरून एडवर्ड्सवर खटला भरला गेला. डंकन निर्धन आहे हे ठाऊक असताना त्याला राज्यात आणले हा आरोप; एडवर्ड्सने तो नाकारलाही नाही. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि ती स्थगित ठेवण्यात आली.

बायकोच्या भावाला पडत्या काळात चार दिवस घरी आणून ठेवले म्हणून तुरुंगवास, हे आपल्याकडच्या कुठल्याही मेहुण्याला सांगून पाहावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. दारिद्र्य आणि अनैतिकता या दोन गोष्टी एक नव्हेत, असे निकालात स्पष्ट म्हटले गेले. या निकालाला स्वतंत्र सहमतीपत्र जोडणारे न्यायमूर्ती विल्यम डग्लस हे वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी गरिबीत वाढलेले होते, हंगामी मजुरांबरोबर त्यांनी फळबागांत कामे केली होती, आणि १९२२ मध्ये कायदा शिकायला न्यूयॉर्ककडे निघाले तेव्हा मेंढ्या वाहून नेणाऱ्या मालगाडीबरोबर निघाले होते. पुढे १९७२ मध्ये जॅक्सनव्हिल शहराचा भटकेगिरीविरुद्धचा नियम घटनाबाह्य ठरवणारा निकालही त्यांनीच लिहिला. उद्देशाविना हिंडणे, रात्री फिरणे यांनाही गुन्हा ठरवणारा तो नियम ज्यांच्यावर वापरला जाई, त्यांच्यातल्या काहींच्या मांडीला मांडी लावून ते एकेकाळी बसले होते.

याच मध्य-पश्चिम अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत आपली मराठी मुले शिकायला आली, आणि परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे त्यांतल्या अनेकांच्या खिशात ८ डॉलर होते. विमानतळावर उतरल्यावर सार्वजनिक दूरध्वनीपाशी ठेवलेल्या जाडजूड निर्देशिकेत कुलकर्णी, जोशी, पाटील अशी आडनावे शोधायची आणि सरळ फोन लावायचा, असे सांगणारे ज्येष्ठ इथल्या महाराष्ट्र मंडळांत आजही भेटतात. पलीकडचा माणूस गाडी घेऊन येई, आठवडाभर घरी ठेवून घेई आणि हिवाळ्याचा कोटही देई. त्या पिढीच्या पाहुणचाराविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र तो आडनाव वाचून सुरू होई, हे सांगताना मंडळातल्या एका जेवणावळीत मला थोडे अवघड शांततेला तोंड द्यावे लागले. पायरीखाली उभ्या असलेल्या होबोचे आडनाव काय हे अंगण झाडायला सांगणाऱ्या बाईला ठाऊक नव्हते आणि तिने विचारलेही नाही.

आता मालगाड्यांना पाण्यासाठी थांबावे लागत नाही. बंद कंटेनर, कॅमेरे आणि कुंपणे आली, आणि घर नसलेली माणसे शहरांतल्या पुलांखाली आणि उद्यानांत स्थिरावली. मागले दार नाहीसे झाल्यामुळे देणाऱ्यालाच अन्न घेऊन बाहेर जावे लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथे अरनॉल्ड ॲबट या ९० वर्षांच्या माजी सैनिकाला, उद्यानात बेघरांना जेवण वाढताना पोलिसांनी अडवले आणि हातातली थाळी खाली ठेवायला सांगितले. नव्या शहर नियमानुसार त्यांना ६० दिवसांचा तुरुंगवास आणि ५०० डॉलर दंड होऊ शकत होता. त्याच आठवड्यात ते समुद्रकिनाऱ्यावर पुन्हा थाळ्या घेऊन उभे राहिले आणि त्यांच्यावर पुन्हा कारवाई झाली. त्याच शहरातल्या दुसऱ्या एका गटाने दाखल केलेल्या दाव्यात २०१८ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने असे ठरवले की, उद्यानात अन्न वाटण्याचा त्यांचा कार्यक्रम हीदेखील एक अभिव्यक्ती आहे आणि तिला घटनेचे संरक्षण आहे. पुढे जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑरेगनमधल्या एका प्रकरणात उघड्यावर मुक्काम करण्याला बंदी घालण्याची शहरांना मुभा दिली, आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून फ्लोरिडात सार्वजनिक जागी कुणाला नियमित झोपू देण्यास राज्याच्या कायद्याने मनाई झाली. थोडक्यात, त्या उद्यानात एखाद्याला जेवायला घालणे हा आज नागरिकाचा हक्क ठरू शकतो, आणि जेवणाऱ्याने रोज तिथेच अंग टाकणे हे मात्र शहराने थांबवलेच पाहिजे असे काम.